तार वाचायची की मोजायची?

११ जून १९२७ या दिवशी वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून चार्ल्स लिंडबर्गची मिरवणूक निघाली. एकट्याने विमान उडवत न्यूयॉर्कहून पॅरिसला पोचून त्याला तीन आठवडे झाले होते. या मिरवणुकीत त्याच्यामागून एक ट्रक चालला होता आणि त्यात माणसं नव्हती, तारा होत्या. पंचावन्न हजार तारा. मिनिॲपोलिसहून आलेल्या एकाच तारेवर साडेसतरा हजार सह्या होत्या. ती गुंडाळी ५२० फूट लांब होती आणि ती उचलायला दहा पोरं लागली.

हा सगळा तपशील फ्रेडरिक लुईस ॲलन यांच्या 'ओन्ली यस्टरडे' या पुस्तकातला आहे. १९३१ साली, म्हणजे मंदीने सगळ्यांचं कंबरडं मोडलेलं असताना, नुकत्याच संपलेल्या दशकाचा हा इतिहास त्यांनी लिहिला. पुस्तक अजूनही छापलं जातं आणि वाचलं जातं, कारण ॲलन यांना हसू दाबता येत नाही आणि ते दाबायचा प्रयत्नही ते करत नाहीत. ट्रकच्या प्रसंगात एक तपशील ते सहज जाता जाता देऊन टाकतात. लिंडबर्गचं अभिनंदन करणाऱ्या तारांचे तयार मजकूर वेस्टर्न युनियन कंपनीने आधीच लिहून ठेवले होते. गिऱ्हाइकाने एक निवडायचा, पैसे भरायचे, नाव सांगायचं.

तो वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवलं. ट्रकमधली एकही तार लिंडबर्गने वाचली असेल असं मला वाटत नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाची तशी अपेक्षाही नव्हती. त्या तारा वाचण्यासाठी नव्हत्याच. त्या ट्रकमध्ये भरून लोकांना दाखवण्यासाठी होत्या आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आकडा छापून येण्यासाठी होत्या.

तारेबद्दल आपल्याकडे, आणि अमेरिकेतही, एक साहित्यिक आख्यायिका चालत आली आहे. तारेला शब्दामागे पैसे पडत, म्हणून तारेने माणसांना नेमकं लिहायला शिकवलं, हेमिंग्वेची छोटी वाक्यं म्हणजे वार्ताहर म्हणून केबल पाठवताना लागलेली सवय, वगैरे. यात थोडं तथ्य असेलही. पण दोन महायुद्धांच्या मधल्या अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात तार काय करत होती हे पाहायला लागलं, की ही आख्यायिका फारशी उपयोगी पडत नाही. तिथे तारेचं वजन मजकुरात नव्हतं. कुणीतरी उठून तारघरात गेलं, खिशातून पैसे काढले आणि आपलं नाव दिलं, या कृतीत ते वजन होतं. आणि ते करायला वर्तमानपत्राचा तराजू लागायचा. किती तारा आल्या ही बातमी व्हायची. एकेका तारेत काय होतं, ही क्वचितच.

अमेरिकेतल्या देशांतर्गत तारेचा हिशेब असा असे: पहिल्या दहा शब्दांचा एक ठरलेला दर, पुढे प्रत्येक शब्दाला जादा पैसे. पत्ता आणि सही मात्र फुकट. मी रोज ज्या प्रकारचं काम करते त्यामुळे असेल, पण या बारीक नियमापाशी मी बराच वेळ थांबले. 'संदेश पाठवला' आणि 'अमुक माणसाने पाठवला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी होत नाही. वेस्टर्न युनियनच्या दरपत्रकात पहिलीचे पैसे लागत होते आणि दुसरी फुकट मिळत होती.

ॲलन हे सगळं पाहतात, पण वरून पाहतात. ज्या प्रकरणात हा ट्रक येतो त्याच्या नावातच त्यांनी 'बॅलीहू' म्हणजे गाजावाजा हा शब्द घातला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वर्तमानपत्रांची संख्या घटत गेली, साखळ्या वाढल्या, वृत्तसंस्था आणि सिंडिकेट यांच्यामुळे एकच मजकूर देशभर जाऊ लागला, आणि म्हणून एका वेळी सगळा देश एकाच गोष्टीने झपाटला जाऊ लागला. कधी केंटकीच्या गुहेत अडकलेला फ्लॉइड कॉलिन्स, कधी डेटनमधला माकडांचा खटला, कधी न्यू जर्सीतला हॉल-मिल्स खुनाचा खटला. या शेवटच्या खटल्यासाठी डेम्प्सी आणि टनी यांच्या मुष्टियुद्धाच्या वेळी वापरलेला तारांचा स्विचबोर्डच कोर्टाच्या इमारतीत आणून बसवला होता. खून आणि मुष्टियुद्ध यांना एकच यंत्र. असे तपशील हुडकण्यात ॲलन यांचा हात कुणी धरू शकत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. त्यांच्या पुस्तकात गर्दी हा एकच प्राणी आहे. तो खवळतो, रडतो, कंटाळतो, पुढच्या गोष्टीकडे धावतो. मिनिॲपोलिसच्या त्या गुंडाळीवर सही करणाऱ्या साडेसतरा हजारांपैकी एखाद्याला खरंच काही वाटलं असेल, युद्धानंतरच्या त्या दशकात कुणीतरी निर्मळ असं काही केलं म्हणून त्याचे डोळे भरून आले असतील, ही शक्यता ॲलन नाकारत नाहीत; उलट लिंडबर्गच्या लाटेचं कारण शोधताना ते या भावनेपर्यंत येऊन पोचतात. पण ती ते पुन्हा सगळ्या देशाला मिळून लावतात. एक सही, एक माणूस, एवढ्या जवळ ते येत नाहीत. हसणाऱ्या माणसाला इतक्या जवळ येता येत नाही बहुधा.

जॉन डॉस पॅसॉस जवळ येतात असं वाटतं. 'यू.एस.ए.' ही त्यांची कादंबरीत्रयी १९३० ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. कथेच्या मधे मधे त्यांनी 'न्यूजरील' नावाचे तुकडे पेरले आहेत, तिन्ही कादंबऱ्यांत मिळून अडुसष्ट. मथळे, बातम्यांच्या अर्धवट ओळी, त्या वेळच्या गाण्यांचे तुकडे, जाहिराती; एक वाक्य मधेच तुटतं आणि दुसऱ्याच बातमीचं शेपूट त्याला चिकटतं. पहिल्यांदा वाचताना मी ते तुकडे गाळून पुढे गेले होते, हे कबूल करते. दुसऱ्या वेळी फक्त तेच वाचले, कथा सोडून. तेव्हा लक्षात आलं, की या तुकड्यांत बोलणारा कुणी नाही. मथळ्याला लेखक नसतो. कुठल्या पत्रातून आला तेही लिहिलेलं नाही. जे ॲलन समजावून सांगतात (देशभर एकच मजकूर कसा फिरतो) ते डॉस पॅसॉस समजावून न सांगता वाचकाला भोगायला लावतात. कान किटतात. मग पुढच्या पानावर कुणा टायपिस्ट मुलीची, कुणा खलाशाची गोष्ट सुरू होते आणि आपल्याला कळतं, की या माणसांच्या डोक्यातही हाच कल्लोळ आहे. ती बोलतात तेव्हा निम्मे शब्द त्यांचे नसतात.

डॉस पॅसॉस यांना हे नुसतं कळलं नव्हतं, त्यांनी ते अंगावर घेतलं होतं. साको आणि व्हॅन्झेटी यांच्या बचावासाठी त्यांनी १९२७ साली पुस्तिका लिहिली, बॉस्टनमध्ये निदर्शनं करताना त्यांना अटक झाली, आणि २३ ऑगस्टला त्या दोघांना विजेच्या खुर्चीत मारलं गेलं. जगभरातून आलेल्या निषेधाचा काही उपयोग झाला नाही. त्रयीच्या शेवटच्या भागात, 'द बिग मनी'मध्ये, हा पराभव आहे. शब्दांचं वजन नाहीसं झालंय असं ज्याला वाटतं त्या माणसाचं हे लेखन आहे. म्हणूनच त्यातल्या वर्तमानपत्राला चेहरा एकच मिळतो, मालकाचा. विल्यम रँडॉल्फ हर्स्टचं शब्दचित्र त्याच कादंबरीत आहे. लिहिणारे, जुळारी, तार पोचवणारे यांच्या हातांतून हा मजकूर जातो हे मात्र न्यूजरीलमध्ये दिसत नाही. तिथे शब्द आपोआप येतात, पाऊस यावा तसे.

हे हात मला सापडले ते कादंबरीत नाही, सिनेटच्या एका चौकशीत.

१९३५ साली रूझवेल्ट सरकारने वीज आणि गॅस कंपन्यांच्या होल्डिंग कंपन्यांवर बंधनं आणणारं विधेयक मांडलं. एका कंपनीच्या डोक्यावर दुसरी, तिच्या डोक्यावर तिसरी, अशा उतरंडी रचून मूठभर माणसं देशभरचा वीजधंदा चालवत होती. काही ठरावीक उतरंडी मोडून टाकायचं कलम विधेयकात होतं. कंपन्यांनी त्याला 'फाशीची शिक्षा' असं नाव दिलं आणि वर्तमानपत्रांनी ते उचललं. (नाव ठेवणाऱ्याला अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.) सिनेटमध्ये हे कलम एका मताने वाचलं. कनिष्ठ सभागृहात मतदानाच्या आधी विरोधाच्या तारांचा पाऊस पडला आणि तिथे ते पडलं.

पेनसिल्व्हेनियाचे एक प्रतिनिधी, डेनिस ड्रिस्कॉल, यांना वॉरन नावाच्या एका लहान गावातून आठशेहून जास्त तारा आल्या. त्यांनी एक गोष्ट केली जी ॲलन यांच्या पुस्तकात कुणीच करत नाही. त्यांनी तारा वाचल्या. निदान सह्या तरी वाचल्या. पाठवणाऱ्यांपैकी भलत्याच जणांची आडनावं वर्णमालेच्या सुरुवातीच्या अक्षरांनी सुरू होत होती. मग त्यांनी दुसरी गोष्ट केली: उत्तरं पाठवली. लोकांनी कळवलं, आम्ही अशी तार केलीच नाही.

ह्यूगो ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखालच्या सिनेट समितीने साक्षी काढल्या तेव्हा सगळं बाहेर आलं. असोसिएटेड गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या माणसाने गावातल्या तार पोचवणाऱ्या पोराला सह्या गोळा करायला लावलं होतं, सहीमागे तीन सेंट. एकोणीस वर्षांचा पोरगा. उरलेली नावं गावाच्या डिरेक्टरीतून उतरवली गेली, पहिल्या पानापासून, आणि म्हणून ती वर्णमालेच्या सुरुवातीलाच अडकली. तारघरातल्या मूळ प्रती जाळून टाकल्याचंही साक्षीत आलं. कंपन्यांनी या विधेयकाविरुद्ध पैसे भरून करवलेल्या तारांचा समितीने काढलेला आकडा सुमारे अडीच लाखांचा होता.

आमच्या धंद्यात खोट्या खात्यांचा छडा लावायचे जे उपाय आहेत त्यातला निम्मा भाग हाच आहे. माणसं यादृच्छिक असतात. आळशी माणसाने बनवलेली खोटी माणसं ओळीने येतात. पण मला त्या पोराचं जास्त वाटतं. तो खोटारडा नव्हता. दारोदार जाऊन सही मागायची, मिळाली तर तीन सेंट. मंदीचं वर्ष होतं. त्या प्रचंड यंत्रणेत ज्याला दाराशी उभं राहून समोरच्या माणसाचं तोंड पाहावं लागत होतं, असा तो एकटाच असावा.

आता त्याच वर्षाच्या सुरुवातीला जाऊ. जानेवारी १९३५ मध्ये अमेरिकेने जागतिक न्यायालयात सामील व्हायचं की नाही यावर सिनेट मतदान करणार होतं. रूझवेल्टना खात्री होती. हर्स्टची वर्तमानपत्रं विरोधात तुटून पडली होती. रविवारी, २७ तारखेला, मिशिगनचे रेडिओ-पाद्री चार्ल्स कफलिन यांनी आपल्या श्रोत्यांना सांगितलं, आपापल्या सिनेटरना तार करा. हजारो, दहा हजारो तारा वॉशिंग्टनला येऊन आदळल्या. मंगळवारी ५२ विरुद्ध ३६ असं मतदान झालं. दोन तृतीयांशाला सात मतं कमी पडली आणि ठराव पडला.

या तारा खऱ्या होत्या. पाठवणारा खरा, नाव खरं, पैसे स्वतःचे. मजकूर मात्र रेडिओने पुरवलेला आणि वर्तमानपत्राने आधीपासून घोटून घेतलेला. जूनमधल्या तारांत पाठवणारा खोटा होता आणि मजकूर कुणा वकिलाने विचार करून लिहिलेला असू शकत होता. तराजूत दोन्हींचं वजन सारखंच. आणि मला प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसरा प्रकार जास्त खोटा आहे हे म्हणताना माझी जीभ क्षणभर अडखळते, कारण पहिल्या प्रकारात मी स्वतः बसते.

२०१५ च्या एप्रिलमध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. ट्रायने इंटरनेट सेवांबद्दल एक मसुदा काढला होता, वीस प्रश्नांचा. एका वेबसाइटवर त्या विसांचीही तयार उत्तरं होती. बटण दाबलं की आपल्या ईमेलमधून ट्रायला जायची. हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर सगळ्यांनी दाबलं. देशभरातून दहा लाखांवर ईमेल गेले, सगळ्या वर्तमानपत्रांत तो आकडा छापून आला, आणि पुढच्या फेब्रुवारीत ट्रायने वेगवेगळ्या वेबसाइटना वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. त्या बाजूने उभी राहिल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. फक्त मी ते वीस प्रश्न वाचले नव्हते. उत्तरंही नाही.

मोजणं म्हणजेच न वाचणं, असं मात्र मला म्हणायचं नाही. त्या काळातली वर्तमानपत्रावरची सर्वांत धारदार टीका मोजूनच केलेली आहे. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी ऑगस्ट १९२० मध्ये 'न्यू रिपब्लिक'ची एक पुरवणी काढली, 'अ टेस्ट ऑफ द न्यूज'. न्यूयॉर्क टाइम्सने रशियन क्रांतीबद्दल काय छापलं ते त्यांनी अंकामागून अंक काढून वाचलं. दोन वर्षांत एक्याण्णव वेळा त्या पत्राने सांगितलं होतं, की बोल्शेविक सत्ता कोसळायला आली आहे किंवा कोसळली आहे. एक्याण्णव हा आकडा पंचावन्न हजारांपेक्षा किती लहान, आणि किती जास्त सांगणारा! कारण त्यातला प्रत्येक एक कुणीतरी वाचलेला आहे. कळकळीच्या चार अग्रलेखांनी जे झालं नसतं ते त्या आकड्याने केलं. मला टीका अशी आवडते, हे लपवण्यात अर्थ नाही.

ब्लॅक यांची गोष्ट मात्र इथे संपत नाही आणि पुढचा भाग सांगितल्याशिवाय मी तिला उजळ करून सोडणार नाही. वॉरनच्या तारा खोट्या निघाल्यावर समितीला आणखी हवं झालं. संदेशवहन आयोगाच्या मदतीने वॉशिंग्टनच्या तारघरांतल्या १९३५ सालच्या दहा महिन्यांच्या तारा सरसकट चाळल्या गेल्या. कुणाच्या, कशाबद्दल, काही भेद नाही. तारघरात तारेची प्रत राहते हे सगळ्यांना माहीत होतं; ती कुणी एकगठ्ठा वाचेल असं कुणाला वाटलं नव्हतं. शिकागोतल्या एका मोठ्या वकिली कंपनीने न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. आणि मग मैदानात उतरले खुद्द हर्स्ट.

हर्स्टनी आपल्या वॉशिंग्टनमधल्या अग्रलेखकाला एक तार केली होती. सभागृहाच्या लष्करी समितीचे अध्यक्ष मॅकस्वेन यांच्यावर अग्रलेखांतून तुटून पडा, असा तिचा आशय. समितीच्या हातात ही तार पडली आणि १९३६ साली मॅकस्वेन यांनी ती सभागृहात वाचून दाखवली. म्हणजे पाहा: जो अग्रलेख वाचून हजारो लोक तारा करायचे, तो अग्रलेखच आधी एका तारेतून निघालेला. न्यूजरीलमध्ये जो आवाज कुणाचाच नाही असं वाटतं त्याला इथे सही सापडते. डॉस पॅसॉस यांचा हर्स्ट हा एकाकी, अतिश्रीमंत पोरगा आहे, जवळजवळ दयनीय. हा तारेतला हर्स्ट साधा साहेब आहे, हाताखालच्याला काम सांगणारा. मला हा जास्त पटतो.

आणि तरीही कायदा हर्स्टच्या बाजूने होता, निदान अर्धा. नोव्हेंबर १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने म्हटलं, की अशी सरसकट झडती बेकायदाच. पण तारा आता सिनेटच्या समितीच्या हातात गेलेल्या आहेत आणि समितीला त्या वापरू नका असं सांगायचा अधिकार न्यायालयाला नाही. पुढच्या वर्षी ब्लॅक सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

सही खरी आहे का हे पाहायचं असेल तर कुठेतरी पाकीट उघडावं लागतं. ड्रिस्कॉल यांनी स्वतःला आलेल्या तारा उघडल्या आणि पाठवणाऱ्याला विचारलं. ब्लॅक यांनी सगळ्यांच्या उघडल्या आणि कुणालाच विचारलं नाही. दोघेही खोटं पकडायला निघाले होते. पहिली पद्धत आठशे तारांना पुरते, अडीच लाखांना नाही, हे मला माझ्या कामावरून ठाऊक आहे. मोठ्या संख्येपुढे आम्हीही ब्लॅकच होतो, आणि वर त्याला सुरक्षितता म्हणतो. ॲलन यांच्या हसण्यात आणि डॉस पॅसॉस यांच्या कल्लोळात हा पेच येत नाही. दोघांनाही गर्दी हवी होती, एकाला गंमत म्हणून, दुसऱ्याला शोकांतिका म्हणून. उलट टपाली उत्तर पाठवणारा प्रतिनिधी हे पात्र कुठल्याच कादंबरीत शोभलं नसतं. ते फार नीरस आहे.

हा लेख लिहिताना मी माझा जुना मेलबॉक्स उघडला. ट्रायला गेलेला ईमेल 'सेंट'मध्ये आहे, लांबलचक, नीटनेटका, माझ्या नावाने. या वेळी वीसही उत्तरं वाचली. अठरा पटली. दोन नाही.